तहान लपवून समुद्रात

हे लिहायला बसले आणि पहिल्याच ओळीला अडखळले. जो शब्द लिहायचा आहे तो मी वर्गात दर वर्षी फळ्यावर लिहिते. मूत्रपिंड, मूत्रवाहिनी, मूत्राशय. बाण काढून नावं देते. मुलं खालमानेने हसतात, मी डस्टर आपटते आणि दरडावते, "शरीर आहे ते, हसायचं काय त्यात?" पण स्वतःबद्दल 'लघवी' एवढा साधा शब्द लिहायची वेळ आली तेव्हा माझेच कान तापले. माझ्या आजारपणाची निम्मी गोष्ट त्या तापलेल्या कानांची आहे, निम्मी पायांची.

मी रंजना. जळगावात मेहरूणच्या बाजूला राहते, शाळेत विज्ञान शिकवते, चाळिशी केव्हाच ओलांडली. समुद्रात बुडी मारण्याच्या छंदातून मला असा एक आजार झाला की कमरेखालचं शरीर काही काळ माझं राहिलं नाही. आता मी चालते, काठी घेऊन. ज्यांच्या पलंगाला एखादी पिशवी लटकते आहे आणि पाहुणे आले की जे तिच्यावर चादर ओढून घेतात, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मीही ओढून घ्यायचे.

खानदेशात कुठला आला समुद्र?

हा प्रश्न आम्हाला सगळ्यांनी विचारून झाला आहे, तेव्हा तुम्हीही विचारून घ्या. आम्ही चौघं. गिरीशभाऊ आमच्यात मोठे, त्यांचं पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे. इम्रानचा फोटो स्टुडिओ आहे. दीपक मूळचा धुळ्याचा, इथे त्याचं औषधांचं दुकान. आणि मी. सकाळी पोहण्याच्या तलावावर जाता जाता ओळख झाली, मग एका सुट्टीत मालवणला गेलो, तिथे पाठीवर सिलिंडर बांधून पाण्याखाली पहिल्यांदा श्वास घेतला आणि चौघंही कामातून गेलो. रीतसर शिकलो, परीक्षा दिली, प्रमाणपत्रं मिळवली. मग दर हिवाळ्यात गाडी काढायची आणि किनारा गाठायचा हे ठरूनच गेलं.

आमच्या फजित्यांना तोटा नव्हता. गिरीशभाऊंचा बसवलेला पुढचा दात पहिल्याच वर्षी समुद्राला अर्पण झाला. इम्रान चष्मा कपाळावर ठेवूनच पाण्यात उडी मारायचा आणि मग डोळे चोळत वर यायचा. दीपकने एकदा बोटीच्या काठावरून उलटी केली, तर खाली रंगीबेरंगी मासे जमले. इम्रानने त्याचे फोटो काढून आमच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकले आणि खाली लिहिलं, 'धुळेकरांचं अन्नछत्र'.

सराव म्हणून एकदा आम्ही दीपकच्या मामांच्या विहिरीत उतरलो होतो, धुळ्याजवळच्या त्यांच्या गावी. अर्धं गाव काठावर. एक आबा मिशीला हात लावून म्हणाले, "सिलिंडर लायीसन बुडतस का? आठे तं पोरंसोरं बी दम धरीसन तळ गाठतस." आम्ही वर आलो तेव्हा त्यांनी पाण्यात पडलेल्या बादल्यांची चौकशी केली. दोन काढून दिल्या, तेव्हा कुठे आमची इज्जत राहिली.

पाण्याखाली बोलता येत नाही, म्हणून हाताच्या खुणा असतात. अंगठा आणि तर्जनी जोडून गोल केला की 'ठीक आहे का?' समोरच्याने तसाच गोल करून उत्तर द्यायचं. काही बिघडलं असेल तर पसरलेला तळहात डुलवायचा. गिरीशभाऊ दर थोड्या वेळाने वळून गोल करायचे. मी गोल करून उत्तर द्यायचे. इतक्या वर्षांत मी तळहात एकदाही डुलवला नव्हता. मला त्याचा अभिमान होता, हे आता सांगताना मान खाली जाते.

बोटीवर एकटी बाई

त्या तिघांनी मला कधी वेगळं वागवलं नाही. माझं सिलिंडर मीच उचलायचे, गाडीत ठेच्याची बरणी माझ्याकडे आली तशी भाकरी बांधायची पाळी त्यांच्याकडेही जायची. मला हे फार प्रिय होतं. घरात मी सून, शाळेत बाई, आणि बोटीवर नुसती चौथी. ही चौथी जागा जपायची तर तिथे बाईपणाची कुठलीच अडचण आणायची नाही, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. मला कुणी सांगितलं नव्हतं. मीच ठरवलं.

म्हणून मी पाणी पीत नसे.

बायकांना हे समजावून सांगावं लागणार नाही. प्रवास म्हटला की आदल्या संध्याकाळपासून हात आखडायचा, एसटीत बसताना एक घोट, उतरल्यावर उरलेलं. आमच्या शाळेत शिक्षिकांच्या स्वच्छतागृहाला कडी नाही, म्हणून शेवटची घंटा होईपर्यंत आम्ही सगळ्याजणी कोरड्या. बोटीवर तर आडोसाच नसतो. बुडी मारणारे सरळ अंगावरच्या रबरी सूटमध्येच मोकळे होतात, नंतर तो धुतात. जगभर तसंच चालतं, त्यात कुणाला काही वाटत नाही. आमचे तिघंही त्यावरून एकमेकांना चिडवायचे. मी क्षितिजाकडे बघायचे, जसं काही मला ऐकूच येत नाही. तसलं काही करायचं या कल्पनेनेच मला घाम फुटायचा. त्यापेक्षा तहानलेलं राहणं सोपं. आपलीच मोरी आणि मुतायची चोरी, ही म्हण मी खाऱ्या पाण्यात नेऊन सिद्ध केली.

घाट

त्या वेळी आम्ही दोन दिवस सकाळ-दुपार बुड्या मारल्या. नेहमीपेक्षा खोल गेलो होतो. शेवटची बुडी संपली, भरभर जेवलो आणि गाडीत बसलो, कारण दुसऱ्या दिवशी माझ्या शाळेत तपासणी होती. गिरीशभाऊ म्हणाले होते, "मुक्काम करू न मॅडम, एवढी काय घाई?" मी हट्टाने निघायला लावलं.

बुडी मारल्यावर लगेच विमानात बसायचं नाही, हे आम्हाला पाठ होतं. परीक्षेतला प्रश्नच तो. शरीरात मुरलेला वायू उंचीवर गेल्यावर बुडबुडे धरतो. पण आम्ही कुठे विमानात बसणार होतो? किनाऱ्यावर राहणारा माणूस बुडी मारून घरी जातो तो सपाटीने. आमच्या घराच्या वाटेत अख्खा सह्याद्री आडवा येतो. विमानाचा नियम पाठ करणाऱ्या चौघांना घाटही उंच असतो हे सुचलं नाही. विज्ञानाच्या बाईंनाही नाही.

घाट चढताना पोटाभोवती पट्टा आवळल्यासारखं दुखायला लागलं. खांद्यावर खाज सुटली. वर पोचलो तेव्हा चहाला थांबलो. मी हॉटेलामागच्या स्वच्छतागृहात गेले. बऱ्याच वेळाने जात होते. बसले, आणि काही झालंच नाही. पोट तर तट्ट फुगलेलं. मी नळ सोडून बघितला, डोळे मिटून बघितलं. नाही. बाहेर कुणीतरी दार वाजवलं, मी उठले. पायांत मुंग्या होत्या. म्हटलं, फार वेळ उकिडवं बसल्याने असतील.

गाडीत बसल्यावर दीपक म्हणाला, "ताई, चेहरा उतरला तुमचा. काही होतंय का?"

"नाही रे. झोप येतेय."

औषधांच्या दुकानदाराला मी हे सांगितलं! त्याने दोन प्रश्न विचारले असते आणि गाडी वळवली असती. पण 'मला लघवी होत नाही' हे वाक्य तीन पुरुषांच्या गाडीत उच्चारायचं कसं, या एका विचारात पुढचा सगळा रस्ता गेला. पाय जड होत गेले, मी ओढणी मांडीवर पसरून घेतली आणि चिमटे काढून बघत राहिले. चिमटा बोटांना कळत होता, मांडीला कळत नव्हता. तरीही गप्प.

संध्याकाळी महामार्गावरच्या एका हॉटेलापाशी गाडी थांबली. मी दार उघडून पाय खाली टाकला आणि तशीच जमिनीवर बसले. उठताच येईना. आणि जे घाटापासून होत नव्हतं ते तिथे, त्या सिमेंटवर, सगळ्यांसमोर, माझ्या नकळत थोडं झालं. मला ते कळलं सलवारीवरचा डाग पसरताना बघून.

बाजूच्या टेबलांवरची माणसं बघत होती. गिरीशभाऊ धावत आले. इम्रानने हातातली पाण्याची बाटली उघडली आणि सगळी माझ्या मांडीवर ओतली. "अरे, सॉरी सॉरी ताई, सुटली हातातून!" तो मोठ्याने, अख्ख्या हॉटेलाला ऐकू जाईल असा ओरडला. मग खाली वाकून माझ्या खांद्याला हात लावला आणि हळूच म्हणाला, "काही नाही झालं. काही नाही."

मी त्याच्याकडे बघू शकले नाही. त्याच्या त्या दयेची मला अजून लाज वाटते, आणि तेवढंच तिचं ऋणही वाटतं.

निदान

गिरीशभाऊंनी आम्हाला बुडी शिकवणाऱ्या सरांना फोन लावला. सर फोनवरच ओरडले, "घाट चढून आलात? लगेच पुणं गाठा." पुण्यातल्या एका रुग्णालयात दाबाची खोली आहे, तिथे नेलं. तिघांनी मला उचलून स्ट्रेचरवर ठेवलं. माझं वजन किती आहे ते तोवर माझ्या घरातही कुणाला माहीत नव्हतं.

डॉक्टर मुलगी तरुण होती, माझ्या एखाद्या जुन्या विद्यार्थिनीच्या वयाची. तिने पायांना टाचणी लावून बघितली, पोटावर हात ठेवला आणि विचारलं, "लघवी शेवटची केव्हा झाली?"

माझ्या उशाशी तिघं उभे होते. मी म्हटलं, "झाली ना, दुपारी."

तिने पोट हलकेच दाबलं. माझ्या तोंडून कण्हणं निघालं. ती तिघांकडे वळली, "तुम्ही जरा बाहेर थांबता का?" ते गेल्यावर तिने स्टूल ओढलं. "मॅडम, खरं सांगा. त्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे."

मग सांगितलं. रडत सांगितलं. सकाळपासून किती पाणी प्यालात, तर दोन घोट. का, तर असंच.

तिने फार शास्त्र सांगितलं नाही, मीही सांगत नाही. सोड्याची बाटली एकदम उघडली की जे होतं ते माझ्या पाठीच्या कण्यात झालं होतं. मी विचारलं, "चौघं एकाच पाण्यात होतो, एकाच घाटातून आलो. मलाच का?" ती म्हणाली, "ठामपणे नाही सांगता येत. नशीबही असतं. पण शरीर कोरडं असलं की धोका वाढतो. आणि घाटावरच कळलं असतं तर आपल्या हातात जास्त वेळ असता."

"परत होईल ना सगळं?"

"पाय बहुतेक होतील. मूत्राशयाचं वेळेवर सोडू."

तिने नळी घातली. पिशवी भरली, आणि इतका आराम पडला की मी रडताना हसले. त्या आरामाचीसुद्धा लाज वाटली मला. सगळ्याचीच वाटत होती.

लोखंडी खोली

उपचार म्हणजे पुन्हा बुडी. लोखंडी टाकीसारखी खोली, जाड काचेची गोल खिडकी, आत सुती कपडे घालून बसायचं, तोंडावर प्राणवायूचा मुखवटा. दार बंद झालं की दाब वाढवतात आणि कान तसेच दुखतात जसे समुद्रात. तिथले लोकही 'खाली नेतो', 'वर आणतो' असंच म्हणतात. माझ्याबरोबर एक काका असायचे, साखरेमुळे पायाची जखम भरत नव्हती त्यांची. पहिल्या दिवशी माझी पिशवी बघून ते म्हणाले, "मला पण होती, प्रोस्टेटच्या वेळी. चालताना डाव्या हाताला धरा, सोपं पडतं." इतक्या सहज म्हणाले की मी पिशवी लपवायची विसरले.

खिडकीबाहेर माझे तिघं पाळीपाळीने उभे राहायचे. दुकानं बंद ठेवून राहिले होते. सुधीर, माझे यजमान, दुसऱ्या दिवशी पोचले. ते कुणाशी बोलत नव्हते. गिरीशभाऊंनी त्यांच्यापुढे हात जोडले, तेव्हा सुधीर म्हणाले, "तुम्ही जा आता. पुरे झालं." मी आतून बघत होते, आवाज येत नव्हता, शब्द नंतर कळले, पण गिरीशभाऊंची मान खाली गेलेली दिसली. घाई मी केली होती, गप्प मी बसले होते आणि बोलणी ते खात होते. चोर सोडून संन्याशाला फाशी.

जायच्या आधी गिरीशभाऊ खिडकीशी आले. त्यांनी नेहमीसारखा अंगठा आणि बोट जोडून गोल केला. माझाही हात सवयीने वर गेला, गोल व्हायला लागला. मग मी तो थांबवला. तळहात पसरला आणि डुलवला. बरोबर नाही. काही बरोबर नाही.

गिरीशभाऊ काचेला कपाळ लावून उभे राहिले.

त्या दुपारी वर आल्यावर मी सुधीरना सगळं सांगितलं. इतकी वर्षं पाणी कोण पीत नव्हतं, कुणी घाई केली, कुणाला काय होत होतं आणि कोण बोललं नाही. ते बराच वेळ ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "त्यांना नाही सांगितलंस ते एक वेळ समजतं. किनाऱ्यावरून रोज रात्री मला फोन करायचीस. मला?" लग्नाला एवढी वर्षं झाली, आणि खरंच, त्यांनासुद्धा सांगितलं नसतं.

घरी

पाय हळूहळू आले. आधी अंगठा हलला, मग गुडघा, मग वॉकरवर दारापर्यंत. पण मूत्राशय नाही आलं. डॉक्टरांनी सतत आत राहणारी नळी काढली आणि दिवसातून ठरावीक वेळांनी बारीक नळी स्वतःच्या हाताने घालायला शिकवली. शिकवणारी नर्स चांगली होती, तरी पहिल्या वेळी तिला माझे हात आपल्या हातात धरून ठेवावे लागले. पुन्हा कधी आपलं आपण होईल का? "एक-दीड वर्ष वाट बघू," एवढंच उत्तर मिळालं. जळगावला परतले ती हा प्रश्न पोटात घेऊन.

बातमी माझ्याआधी पोचली होती. माझा रबरी सूट घातलेला एक फोटो नातेवाइकांत फिरला होता. धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, पाण्याची एवढी हौस होती तर घरी टब घेऊन दिला असता." सगळे हसले. मीही हसले, आणि नंतर उशीत तोंड घालून पडून राहिले.

सासूबाई दोंडाईच्याजवळच्या गावाहून आल्या. मी त्यांना आई म्हणते. त्यांनी आल्या आल्या पदर खोचला. "मी शे ना आते. बठ्ठं मी करसू." आणि सगळं केलं. नळ्या उकळायचं भांडं वेगळं ठेवलं, माझी मोरीतली खुर्ची रोज घासली. मला त्यांचं सगळं पटत होतं, एक सोडून. आईंना आवाज हळू करता येत नाही.

भेटायला कुणीही आलं, बुद्धविहारातल्या बायका असोत, शाळेतल्या शिक्षिका असोत, की आईंनी चहा ठेवायच्या आधीच सुरुवात करायची. "तिनी लघवी बंद व्हयी गयी व माय! पानीच पेत नव्हती. नळी लावनी पडस आते." मी पलंगावर डोळे मिटून घ्यायचे. एकदा पाहुण्या गेल्यावर मी चिडले, हात जोडले. "आई, कशाला सांगता हो सगळ्यांना? मला मेल्याहून मेल्यासारखं होतं."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "लाज कसानी धरस? चोरी करी का तू? गप ऱ्हायनी म्हनीसन तं आठे पडेल शे."

गप्प राहिले म्हणूनच इथे पडले आहे, हे खरंच होतं. जखमेवरच बोट ठेवलं होतं.

मग एक गंमत बघायला मिळाली. गंमतच म्हणते, दुसरा शब्द नाही. आईंचं पुराण ऐकून झालं की आलेली बाई थोडा वेळ चहा ढवळायची, दाराकडे बघायची, आणि मग बोलायला लागायची. आमच्या शाळेच्या चित्रकलेच्या बाई म्हणाल्या, त्यांना दर उन्हाळ्यात जळजळ होते, डॉक्टर म्हणतात पाणी प्या, शाळेत कसं पिणार? शेजारच्या काकूंना खोकला आला की थेंब जातो. त्या लग्नकार्याला जायच्याच बंद झाल्या होत्या आणि सगळ्यांना वाटत होतं की त्या रुसल्या आहेत. विहारातल्या एक आजी म्हणाल्या, शेतात निंदायला जायच्या तेव्हा अंधार पडेपर्यंत धरून ठेवायच्या, तेव्हापासून दुखतंय. माझा पलंग म्हणजे दवाखानाच झाला. मी कुणाला उपाय सांगितला नाही, मला काय कळतं! एवढंच म्हणायचे, डॉक्टरकडे जा आणि खरं सांगा. मी नव्हतं सांगितलं.

लाज गेली असं म्हणणार नाही. पण ती एकटीची राहिली नाही.

मंडळी परत आली

आमचे तिघं बरेच दिवस आले नाहीत. फोन करायचे, पण तोही सुधीर घरी नसताना. एक हिवाळा आला आणि गेला, कुणी मालवणचं नावही काढलं नाही. गटावर नुसती शुभ सकाळ आणि कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक. मला कळत होतं, माझ्यामुळे यांचा समुद्र गेला. मला तर पुन्हा बुडी मारायची बंदीच आहे. ती मी गिळली. पण त्यांची बंदी गिळवेना. शेवटी सुधीरच एका रविवारी म्हणाले, "बोलाव त्यांना जेवायला. मीच जरा जास्त बोललो होतो." आणि त्यांनी गिरीशभाऊंना स्वतः फोन केला. दोन पुरुष माफी मागतात तेव्हा बाजारभाव आणि पाऊसपाण्यावर बोलतात.

तिघं आले. बरोबर एक मुलगी होती, गिरीशभाऊंची पुतणी, धुळ्याला नोकरी करते. तिला बुडी मारायला शिकायचं होतं. जेवणं झाली. सुधीर आईंना घेऊन फिरायला गेले. मग गिरीशभाऊ चुळबुळत म्हणाले, "मॅडम, हिला न्यायचं म्हणतोय यंदा. म्हणजे, तुम्ही हो म्हटलं तर. आणि तिला ते... काय सांगायचं ते तुम्हीच सांगा. मला नाही सांगता येणार."

त्यांचे कान लाल झाले होते. मला एकदम उमगलं. इतकी वर्षं मला वाटत होतं, लाज फक्त माझी. यांनाही माहीत होतं मी पाणी पीत नाही. बघत होते आणि त्यांनाही विचारता येत नव्हतं. चौघंही आपापल्या जागी शहाण्यासारखे गप्प होतो, आणि त्याला मी बरोबरीची वागणूक समजत होते.

मुलगी माझ्याकडे बघत होती. सिलिंडर, दाब, मासे असलं काहीतरी ऐकायला मिळेल अशा तयारीत. मला वाटलं, तिला आत न्यावं आणि हळूच सांगावं. तोंडावर आलंच होतं, 'चल, स्वयंपाकघरात'. मग नाही गेले. तिथेच, तिघांसमोर बसून सांगायला लागले, आणि आवाज वर्गातला लावला, नाहीतर फुटला नसता.

"हे बघ. बोटीवर जायच्या आधी पोटभर पाणी प्यायचं. दिवसभर पीत राहायचं. लघवी आली तर सूटमध्येच करायची, हे तिघंही करतात."

दीपक छताकडे बघायला लागला. इम्रान खोकला.

"गाडीत लागली तर गाडी थांबवायला सांगायची. पाळी असेल तर ते सांगायचं. शेवटच्या बुडीनंतर एक दिवस तिथेच राहायचं, घाट चढायचा नाही, तपासणी असो की कुणाचं लग्न. आणि पायात मुंग्या आल्या, पोट दुखलं, लघवी झाली नाही, काही म्हणजे काहीही वेगळं वाटलं, की ह्यांच्यापैकी जो जवळ असेल त्याला त्याच मिनिटाला सांगायचं. मी सांगितलं नव्हतं."

मुलीने मान डोलावली. गिरीशभाऊंनी डोळे पुसले, आणि पुसले नाहीत असं दाखवलं. माझे कान इतके तापले होते की त्यावर भाकरी भाजली असती. मला वाटलं होतं, हे एकदा बोलून टाकलं की हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. लाज होती तिथेच होती. फक्त तिच्यासकट बोलता येतं, एवढं कळलं.

पाय आता माझं ऐकतात. लघवीचं सांगायचं तर, अधूनमधून आपोआप होते, थोडी. त्या दिवशी घरात सण असतो. बाकी वेळी नळी. दीड वर्ष संपत आलं आहे आणि डॉक्टर आता 'वाट बघू' म्हणत नाहीत.

त्या रविवारीही नळीची वेळ झाली होती. एरवी पाहुणे असले की मी 'जरा देवाचं बघून येते', 'गॅस बंद केला का बघते' असं काहीतरी पुटपुटून आत सटकते. आमच्याकडे देव नाहीत, तरी. मी खुर्चीच्या हातावर जोर देऊन उठले, काठी घेतली. चौघंही उठायला लागले, त्यांना वाटलं, मी दमले.

"बसा," मी म्हटलं. "मी नळी लावून येते."

मग इम्रान उठला.

"या ताई. चहा ठेवू का तोवर?"

"ठेव. आणि मला मोठा कप."